उजव्या हाताचं पांघरूण

मयूर विहारहून नोएडाला जाताना मेट्रोत एक काकू रोज माझ्यासमोर बसायच्या. अर्धांगवायूतून सावरणाऱ्या उजव्या हाताने क्रोशाचं पांघरूण विणायच्या, फुगीर टाक्यांचं. सुई निसटून पडायची. मी वाकले, की मान हलवून स्वतःच उचलायच्या.

एकदा त्या फोनवर मराठीत बोलल्या, तेव्हा मी धीर करून विचारलं, “काकू, डाव्या हाताने लवकर होईल ना?”

“डावा ठीकच आहे गं. उजव्यासाठी डॉक्टर चेंडू दाबायला सांगतात. त्यापेक्षा हे बरं, थंडीत अंगावर तरी घेता येईल.”

जानेवारीत पांघरूण पूर्ण झालं. त्यांनी ते माझ्या मांडीवर पसरलं. सुरुवातीचे टाके ढिले, बसके होते. शेवटचे बोरांसारखे टपोरे.

“सुरुवातीचे उसवून पुन्हा घालणार?”

“बिल्कुल नाही,” त्या म्हणाल्या. “सगळ्यात जास्त ताकद त्यांनाच लागली होती.”