नोटा नकोत, जागा द्या

कुंभकोणमला मी देवळं पाहायला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. गावात पाऊल टाकलं की चहूकडे गोपुरं दिसतात, त्यामुळे ती पाहिलीच नाहीत असंही म्हणता येणार नाही. पण मी गेले होते नाटकासाठी. माझी जुनी मैत्रीण तुळजाबाई तंजावरकडच्या मराठी घरातली, व्यवसायाने दातांची डॉक्टर, आणि दवाखान्यातून उरलेल्या वेळात गावातल्या हौशी मंडळींची नाटकं बसवणारी. आडी महिन्यात (साधारण आपल्या आषाढ-श्रावणात) त्यांचा प्रयोग असतो. या महिन्यात तिकडे लग्नं लागत नाहीत, मंगल कार्यालयं ओस पडतात, आणि विजेच्या बिलापुरते पैसे भरून त्यातलं एक या मंडळींना मिळतं. नवरानवरीच्या खुर्चीवर राजा बसतो आणि स्वयंपाकघरात रंगभूषा चालते. मिरजेत बसून हे ऐकलं तेव्हाच मी ठरवलं होतं, एकदा जायचंच.

स्टेशनाबाहेर तुळजाबाई स्कूटर घेऊन उभी होती. मला पाहून हसली, पण लगेच म्हणाली, "कार्यालय गेलें. बस की मागें, सांगतें."

तिची मराठी ऐकताना दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं कोणी बोलतंय असं वाटतं, आणि मध्येच एखादा तमिळ शब्द टपकन पडतो. वाटेत तिने सगळं सांगितलं. त्या कार्यालयात आता एक बिल्डर भागीदार झाला होता. त्याचा निरोप आला होता : कार्यालय फुकट, दिवे नवे, खुर्च्या नव्या, वर घसघशीत देणगी. फक्त नाटकाचा शेवटचा प्रवेश काढा. नाटक होतं इन्नंबूरच्या वाटेवरच्या एका तळ्याचं. ते तळं याच माणसाने भर टाकून बुजवलं होतं आणि वर प्लॉट पाडले होते. शेवटच्या प्रवेशात एक म्हातारी त्या भरावावर फतकल मारून बसते आणि काही केल्या उठत नाही. म्हातारीचं काम खुद्द तुळजाबाई करते.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हातारी उठत नाहीं म्हणून सांगितलें."

पितळी पेल्यातली कॉफी समोर आली, फेसाळ आणि जीभ भाजणारी, तेव्हा तिने पुढचा बेत उलगडला. तंजावरच्या दक्षिणेकडल्या खेड्यांत मोय विरुंदु (आहेराचं जेवण) नावाचा रिवाज आहे. ज्याला नड असते तो गावाला जेवायला बोलावतो. जेवून उठणारा आपली मोय, म्हणजे आहेर, ठेवून जातो. उद्या त्याच्या घरी कार्य निघालं की घेतलेली मोय फेडायची. ती बुडवणाऱ्याला चारचौघांत तोंड दाखवायची सोय राहत नाही.

"आम्हींही जेवण घालतों," ती म्हणाली. "पण नोट घेत नाहीं. जागा मागतों. अंगण दे, गच्ची दे, गोदाम दे. फेड म्हणून, तुझें कार्य निघालें कीं नाटक तुझ्या दारीं करूं."

मी चिडलेच. "अगं, फुकट जेवण घालायचं आणि पैसे नाकारायचे? दिवे, पडदे, गाडीभाडं कुठून आणणार?"

"तें आम्हीं पोटाला चिमटा काढून करतों. पैसा घेतला कीं घेतल्या हाताला दोरी बांधली जाते. जागेला कसली दोरी?"

मला हे मुळीच पटलं नव्हतं, तरी आमंत्रणं करायला मी तिच्यामागे स्कूटरवर बसले. पट्टीश्वरमला जाऊन आलो, तिरुवलंचुळीला गेलो. हिरवीगार भातखाचरं, कालव्यांना नुकतं सुटलेलं पाणी, त्यात डुंबणाऱ्या म्हशी. इन्नंबूरला कालव्याच्या काठावर स्कूटर घसरली आणि आम्ही दोघी चिखलात आडव्या. एका थोराड बाईने मला काखेत हात घालून उचललं, पंपाखाली पाय धुवायला लावले आणि हसता हसता तमिळमध्ये काहीतरी विचारलं.

"विचारते, नाटकांत देव आहे काय?" तुळजाबाईने सांगितलं. तिने उत्तर दिलं, देव नाही, एक हट्टी म्हातारी आहे. बाई लगेच म्हणाली, मग येते. वर भात वाळवायचं आपलं खळंही देऊन टाकलं.

जेवण झालं दवाखान्यासमोरच्या गल्लीत. मराठी घरांतल्या बायकांनी अंबट भाजी (चिंच घालून केलेली पालेभाजी) आणि डांगर पच्चडी (उडदाचं पीठ कालवलेलं दही) केली होती. पच्चडी मी तीनदा मागून घेतली आणि त्याची मला लाज वाटत नाही. माईकवर सेल्वम होता, विड्याच्या पानांचा व्यापारी आणि या नाटकातला सावकार. कोणी जागा दिली की तो देणाऱ्याचं नाव खणखणीत पुकारायचा. बंद पडलेला समयांचा कारखाना आला, पानांचं गोदाम आलं, एका वकिलाची गच्ची आली. एवढ्या जागा तर मिरजेतल्या आमच्या नाट्यसंस्थेला उभ्या जन्मात मिळाल्या नाहीत.

एवढ्यात बिल्डरचा मॅनेजर आला. पांढरा शर्ट, हातात फुगलेलं पाकीट. त्याने ते सगळ्यांसमोर एका रिकाम्या ताटात ठेवलं आणि हात जोडले. मोय नाकारणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान, आणि घेतली तर मिंधेपणा. संपलं, आता प्रवेश जाणार, असं मला वाटलं.

तुळजाबाईने सेल्वमच्या हातून माईक घेतला. ती तमिळमध्ये काय बोलली ते मला शेजारच्या आजोबांनी मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "या बसा, जेवा. पण येथें मोय जागेची आहे, सर्वांना एकच नेम. गांवभर तुमचे फलक लागलेत, जागाच जागा म्हणून. आणि आम्हांला एक संध्याकाळ द्यायला जागा नाहीं?"

हशा पिकला. मॅनेजरने घाम पुसत फोन लावला, साहेबांनी उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. अखेर तो पुटपुटला, "सेरि (बरं), इन्नंबूर रोडचं ग्राउंड घ्या. उद्या संध्याकाळपुरतं." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सेल्वमने माईक परत घेऊन ते भोंग्यावरून गावाला ऐकवलं. पुकारलेली मोय मागे घेता येत नाही. पाकीट तुळजाबाईने अदबीने परत केलं. मला उठून नाचावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बुजवलेल्या तळ्यावर नाटक झालं. फाटकाला कुलूप नव्हतं, म्हणजे साहेबांनाही शब्द मोडवला नसावा. कालव्याला पाणी असल्यामुळे भराव खालून भिजला होता. माणसं बसली तशा खुर्च्या हळूहळू रुतायला लागल्या. मॅनेजर पहिल्या रांगेत होता, त्याची खुर्ची मागे कलली आणि दोघांनी त्याला सावरलं. खाली अजून तळंच आहे हे कोणाला पटवायची गरज राहिली असेल, तर ती तिथेच संपली. शेवटच्या प्रवेशात तुळजाबाई ओल्या मातीत बसली, तिचं लुगडं भिजत गेलं, आणि टाळ्या वाजवायचंही लोकांना सुचेना. मी रडले. रागाने रडले.

परतीच्या गाडीत तो राग टिकून होता. आम्ही नाटकाआधी प्रायोजकांच्या नावांची आरती ओवाळतो. ज्याच्या नावाचा फलक, त्याच्या भुवयांकडे बघत संहिता लिहितो. नाट्यगृहाची तारीख मिळाली नाही की नाटक गुंडाळून घरी बसतो आणि याला परिस्थिती म्हणतो. कसली परिस्थिती? मिरजेत खळी नाहीत, गच्च्या नाहीत, गोदामं नाहीत? भर गल्लीत उभं राहून मागायची छाती नाही, एवढंच. मी तरी यापुढे पाकिटासाठी कोणाच्या दारात उभी राहणार नाही.

काल तुळजाबाईचा फोन आला. बिल्डर त्या जागेवर भूमिपूजन करतोय, मांडव पडलाय. त्याच्या घरी कार्य निघालं, तेव्हा मंडळी मोय फेडायला निघाली आहेत, पूर्ण नाटकासकट.

"त्याने बोलावलंय तुम्हाला?" मी विचारलं.

"मोय फेडणाऱ्यास कोण अडवितें?"

मी तिकीट काढलं आहे. तिथे कोणी खुर्ची देईल अशी आशा नाही, म्हणून सोबत चटई घेते आहे.