बिळात जाणारा हात

सूर्यमाळच्या उतारावरच्या शेवटच्या पाड्यात खेकडे पकडण्यात गोजाबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. जमीन नाही. दिवाळी झाली की वीटभट्टी, पावसाच्या तोंडावर परत, मधल्या दिवसांत मिळेल त्याच्या शेतावर लावणी-कापणी, अशी तिची साठेक वर्षं गेली. त्यात मिरवण्यासारखी गोष्ट एकच. ओहळाच्या काठच्या बिळात ती खांद्यापर्यंत हात घालायची आणि आत काय आहे ते बाहेर बसलेल्यांना सांगायची. नर आहे. मादी आहे, पोटाखाली पिल्लं आहेत, राहू दे. कधी नुसतंच "चला" म्हणायची, तेव्हा लोक मुकाट्याने उठायचे, कारण आत साप असायचा. पाड्यातली निम्मी पोरं याच हाताच्या भरवशावर शिकली. आधी गोजाबाईचा हात, मग पोराचा. हा नियम कधी मोडला नाही आणि कुणाला कधी काही झालंही नाही.

यंदा भट्टीवर मात्र विपरीत घडलं. तापलेली वीट उचलताना तिला आधी जळका वास आला, आणि मग दिसलं की जळतंय ते आपलंच बोट. दवाखान्यात सांगितलं, साखर वाढून बोटं बधिर झालीत, आणि गोळ्या दिल्या. गोजाबाईने गोळ्या घेतल्या आणि तोंड बंद ठेवलं. बोटं गेल्याचं पाड्यात कळलं तर आपल्याला विचारणार कोण, या भीतीपुढे तिला आजार काहीच वाटत नव्हता.

आणि पावसाच्या तोंडावर पाड्यात परतली, तर नेमकं तेव्हाच शाळेने तिला विचारलं. अवंतीबाई मूळच्या जव्हारच्या, घरचं किराणा दुकान, इथे तिसरी-चौथीला शिकवायच्या. पुस्तकातला खेकडा दाखवून दाखवून त्या कंटाळल्या होत्या.

"गोजाबाई, शनिवारी मुलांना ओहळावर नेते आहे. तुम्ही शिकवाल?"

जन्मात शाळेची पायरी न चढलेल्या बाईला शाळेने शिकवायला बोलवावं! नाही म्हणायला तिची जीभच वळली नाही. डोळे शाबूत आहेत, डोळ्यांनी भागवू, असं तिने मनाशी ठरवलं.

पहिली दोन बिळं डोळ्यांनी भागलीही. तोंडाशी ओल्या चिखलाच्या ताज्या गोळ्या होत्या, म्हणजे खेकडा आत असणारच. तिसरं बीळ गवताआड, सावलीत होतं. नऊ वर्षांची चैती, सगळ्यांत पुढे पुढे करणारी, बाही सरसावून तयारच बसली होती. नियमाप्रमाणे गोजाबाईने आधी आपला हात घातला. चाचपडलं.

"काय नाय. रिकामं हाय," म्हणत तिने हात बाहेर काढला, तर मधल्या बोटाला हा एवढा खेकडा लटकलेला.

पोरं खिदळली. आजीने काय मस्करी केली! अवंतीबाईंनाही हसू आलं. मग खेकडा सोडवताना रक्त दिसलं तशा त्या म्हणाल्या, "अहो, केवढा धीर तुमचा! हूं नाही की चूं नाही." पोरांनी टाळ्या पिटल्या. चैती तर बिळाशी पालथी पडली. "आता मी!"

टाळ्या गोजाबाईला गोड लागल्या, खोटं कशाला बोला. हसून सोडून दिलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण तो एवढासा हात तिने बिळाच्या तोंडाशी पाहिला. तिने चैतीचं मनगट पकडलं.

"थांब. मस्करी नव्हती ती. माझी बोटं मेलीत. मना काय समजलंच नाय."

चैती उठून बसली. "आजी, मग आत साप असता तर?"

"तरी मी रिकामंच बोलले असते."

एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. भर पोरांत रडली. लाज वाटली, पण आतून सुटल्यासारखंही वाटलं. अवंतीबाईंनी रुमालाने बोट बांधलं आणि म्हणाल्या, "चला, परत जाऊ या." पण गोजाबाई जागची हलेना.

"आज आत हात नाय घालायचा. आज दारातच शिकायचं."

मग तिने एकेकाला डोळे मिटून बिळाची नुसती कड चाचपायला लावली. ओल्या गोळ्या लागल्या तर खेकडा. कोरडी, भुसभुशीत माती लागली तर उंदीर. आणि कड घासून घासून गुळगुळीत झालेली लागली, तर साप, तिथे बसायचंसुद्धा नाही. हे सगळं आजवर फक्त तिच्या बोटांना ठाऊक होतं. तोंडाने सांगताना ती अडखळत होती, एकच गोष्ट तीनतीनदा सांगत होती. भट्टीवर येत नाही इतका घाम तिला त्या दुपारी आला.

परतताना शेताच्या बांधाला एक बीळ लागलं. चैती वाकली, डोळे मिटून तिने कडेवरून दोन बोटं फिरवली. गोजाबाई ओरडणार, तेवढ्यात "गुळगुळीत हाय!" म्हणत पोरीने आपणहून हात मागे घेतला आणि बाकीच्यांना दूर ढकललं. गोजाबाईला काही बोलावंच लागलं नाही.