आवळलेल्या स्प्रिंगा

माझ्या स्कूटरला चार चाकं आहेत. दोन कारखान्यातून आलेली, आणि दोन माझ्या पायांच्या बदली मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बसवून घेतलेली. पोलिओनं लहानपणीच पाय नेले, त्यामुळे माझा सगळा संसार हातांवर: कुबड्या, भाकरी, फळा आणि ही गाडी. नरसीच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत मी शिकवते आणि सात वर्षं तिथं एकटी जाते. हे ‘एकटी’ मिळवायला मला घरात फार भांडावं लागलं, आणि सगळ्यांत जास्त थोरल्या भावाशी, अण्णाशी.

गेल्या हिवाळ्यात गाडी वळेनाशी झाली. आमच्या गावाबाहेर पुलापाशी रस्ता एकदम उजवीकडं वळतो. तिथं एका सोमवारी मी हँडल फिरवलं तरी गाडी आपली सरळच जायला बघू लागली. कशीबशी दाबून वळवली. पुढं खड्ड्यात एका बाजूचं चाक गेलं की हँडल हातातून ओढलं जायचं. आठवड्याभरात खांदे असे भरून आले की वेणी घालताना डोळ्यांत पाणी यायचं.

गाडी बिघडली असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मुलांना वर्गात ‘आधी नीट बघा, मग उत्तर द्या’ म्हणून ओरडणारी मी, पण स्वतःच्या बाबतीत उत्तर आधीच तयार होतं: आता हात चालले. चाळिशीनंतर पोलिओवाल्यांची धड राहिलेली अंगंही थकू शकतात, असं कधीतरी एका डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते इतकी वर्षं कुठंतरी दबा धरून बसलं होतं. मी घरात कुणी नसलं की तेलाचा पाच लिटरचा डबा उचलून बघायची. सकाळी उचलला जायचा, संध्याकाळी जड वाटायचा. फळ्यावर वरच्या ओळी लिहिणं मी सोडून दिलं. कुणाला सांगायची हिंमत नव्हती, कारण सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

महिन्याभरानं व्हायचं तेच झालं. पुलाच्या वळणावर गाडी वळलीच नाही, मला घेऊन सरळ आमच्याच हळदीच्या शेतात शिरली. लागलं फारसं नाही, कोपर सोलपटलं आणि मडगार्ड वाकलं. तिथंच कामाला असलेला अण्णा धावत आला, मला उचलून बांधावर बसवलं आणि म्हणाला, “म्या म्हणत व्हतो का न्हाई? बस झालं आता, बाई. उद्यापासून मीच सोडून येत जाईन तुला शाळंत.”

त्या दिवशी मी पहिल्यांदा भांडले नाही. गाडी विकायची ठरली.

विकण्याआधी मडगार्ड सरळ करायला म्हणून मी ती हिंगोलीला मिस्त्रीकडं नेली. बाजूची चाकं त्यानंच बसवलेली. मडगार्डकडं न बघता तो खाली वाकला आणि गाडी मागून दाबून बघू लागला. ती जराही दबेना.

“म्याडम, साइडच्या चाकांच्या ह्या स्प्रिंगा कुणी आवळल्या?” त्यानं विचारलं. “म्या तर बराबर आटे सोडून ढिल्या ठेवल्या व्हत्या. आता सारं वजन साइडच्या चाकांवर आलं. गाडी दबत न्हाई, झुकत न्हाई, मंग वळन कशी? पुढचं चाक नुसतं घसरून राहिलं.”

“म्हणजे माझे हात...”

“हाताला काय धाड भरली?”

मी तिथंच रडले. मग नट बघितले. त्यांवरचे ओरखडे ताजे होते, आणि एवढा मोठा पाना आमच्या घरी एकच, अण्णाच्या ट्रॅक्टरच्या पेटीत. हळदीची पोती ट्रॉलीवर रचून दोर करकचून बांधणारा माझा भाऊ. जे हलतं ते पडतं, हा त्याचा जन्माचा हिशेब. मिस्त्री स्प्रिंगा सोडायला बसला तर मी नको म्हणाले. माणूस चालतो त्या वेगानं गाडी घरी आणली.

अण्णा अंगणात जेवत होता. मी विचारलं, तर त्यानं लपवलं नाही.

“व्हय, म्याच आवळल्या. तुझी गाडी वळणावर हालून राहिली व्हती, मागून पाह्यलं म्या. म्हणलं पडन. काहून, अजून आवळाया पाह्यजेत व्हय?”

एरवी मी हसले असते. “मला वाटलं माझे हात गेले, अण्णा. महिनाभर मला तेच वाटत होतं.”

त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला. त्याची माया मला कळत होती, आणि तिचाच मला संताप येत होता. मी म्हणाले, “उद्या सकाळी तू चालव. पुलापर्यंत, माझ्या वेगानं.”

सकाळी मी कुबड्या घेऊन आधीच वळणावर जाऊन उभी राहिले. तो आला. हँडल फिरवलं, पुढचं चाक फिरलंही, पण गाडी फुफाट्यातून सरळ शेताकडं निघाली. अण्णा घाबरला. त्यानं ब्रेक दाबला, दोन्ही पाय खाली टेकवले, ते घासत नेले आणि बांधाच्या तोंडाशी थांबला.

धूळ बसल्यावर त्यानं वळून विचारलं, “असंच झालं व्हतं तुला?”

“असंच,” मी म्हणाले. “फक्त तू पाय टेकवलेस.”

त्यानं खाली स्वतःच्या पायांकडं पाहिलं. मग एकेक पाय उचलून गाडीवर घेतला, जणू ते मला दिसू नयेत.