बाभळींपाशी बंद पडणारं इंजिन

हाताला पेट्रोलचा वास आला की ते प्रकरण मला आजही जसंच्या तसं आठवतं. ठाण्याच्या कागदांवर ते अर्ध्या पानाचंही नाही. खून नाही, दरोडा नाही. तरी उभ्या नोकरीत इतका अवघडून मी क्वचितच कुणापुढं बसलो असेन. नावं लिहीत नाही, कारण ती माणसं अजून त्याच पाण्याच्या काठी राहतात.

निवृत्तीआधीची माझी शेवटची नेमणूक लोहारा भागात होती. धरणात मासेमारी करणाऱ्या एका संस्थेचे चेअरमन तक्रार अर्ज घेऊन आले. संस्थेकडे इंजिनाची एकच बोट. बाकीचे लोक वल्ह्याच्या होड्यांतून जाळी टाकायचे आणि बोटवाला एकटा फिरून सगळ्यांचे मासे गोळा करून काठावर आणायचा. महिन्याभरात ते इंजिन पाच-सहा वेळा निघाल्या निघाल्या बंद पडलं होतं. बोट उशिरा आली की मासे उन्हात नरम पडतात आणि मासे बाजारात नेणारा गाडीवाला काही थांबत नाही. चेअरमनचा संशय पक्का होता : मुरुम गावचा मिस्त्री मुद्दाम खोड ठेवतो, म्हणजे त्याला सारखं बोलवावं लागतं. आमच्या बीट हवालदारानंही बाजारातून तशीच खबर आणली.

मिस्त्री साठीला आलेला. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करता करता बोटीच्या इंजिनाकडे वळलेला. काम करताना तो इंजिनाशी कानडीत बोलतो, असं लोक हसून सांगायचे. मी त्याला ठाण्यात बसवून दोन तास प्रश्नांची सरबत्ती केली. प्लग कधी बदलला, तेल किती मिसळता, कार्बोरेटर कधी धुतला. आवाजही चढवला. आज त्याची लाज वाटते. तो शांतपणे सगळं सांगत राहिला आणि शेवटी म्हणाला, "साहेब, मी जाईपर्यंत इंजिन चालू झालेलं असतंय. डाक्टर यायच्या आधीच दुखणेकरी उठून बसला तर डाक्टरनं काय बघावं? एकदा बंद पडल्या पडल्या, कुणीबी हात लावायच्या आधी मला दाखवा. मग खुशाल आत टाका."

बोलणं रास्त होतं. बंद पडलं तर इंजिनाला आणि टाकीला हात लावायचा नाही, अशी बोटवाल्याला ताकीद दिली आणि रोज सकाळी मी, हवालदार आणि मिस्त्री काठावर हजर राहू लागलो. तीन दिवस काही झालं नाही. हवालदार कुरकुरायला लागला. चौथ्या दिवशी बोट फटफटत अर्ध्या बुडालेल्या बाभळींपर्यंत गेली आणि तिथं धापा टाकत बंद पडली. हवालदारानं शिट्टी मारली. बोटवाला वल्हं मारत माघारी आला.

मिस्त्रीनं आधी नुसतं बघितलं. टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर एक रबरी फुगा असतो. तो दाबून पेट्रोल पुढं ढकलायचं. तो फुगा चोखून टाकलेल्या आंब्यासारखा चपटा झाला होता. मिस्त्रीनं टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू फिरवला. सूं करून हवा आत गेली आणि फुगा आपोआप भरला. दोरी ओढली, इंजिन चालू.

"ह्यो हवेचा स्क्रू बंद व्हता," मिस्त्री म्हणाला. "पेट्रोल भाईर जायचं तर टाकीत हवा शिरायला पायजे. न्हाय शिरली की इंजिन जरा वेळ चालतंय आन् उपाशी मरतंय."

मग इतके दिवस हे कळलं कसं नाही? कारण बंद पडलेली बोट वल्ह्यानं काठाला आली की जो तो आधी झाकण उघडून पेट्रोल आहे का ते बघायचा. झाकण उघडलं की हवा आत. घाईत ते परत सैलच बसवायचे, त्यामुळं इंजिन पुढं चालत राहायचं. म्हणजे पुरावा आपल्याच हातानं पुसून सगळे मिस्त्रीवर खापर फोडत होते, आणि त्यांत मीही आलो.

"स्क्रू कोण उघडतं?" मी बोटवाल्याला विचारलं.

"ते हिचं काम. टाकी चोरीला जाऊ न्हाय म्हणून घरी ठिवतो. ही भरती, हितं आणून नळी जोडून देती. म्या निस्ती दोरी ओढतो."

त्याची बायको काठावर लिंबाखाली उभी होती. गुन्हा केलेला माणूस मुद्देमालाकडे बघतो, नाहीतर पळायच्या वाटेकडे. ही बाई टाकीकडेही बघत नव्हती आणि आमच्याकडेही नाही. ती नवऱ्याच्या डाव्या हाताकडे बघत होती. त्या हाताची बोटं बारीक थरथरत होती.

महिला शिपायाला सोबत घेऊन मी त्यांच्या घरी जबाब घ्यायला बसलो. बाईनं चहा ठेवला. सवयीप्रमाणे पहिला प्रश्न माझ्या ओठावर आला आणि मी तो गिळला. मिस्त्री सकाळी कसा नुसता बघत राहिला होता, ते डोळ्यासमोर होतं. चहा गाळून झाला, कप पुढं आले, आणि मग तीच बोलली.

"म्याच बंद ठिवला, साहेब. ह्यास्नी फीट येती. गोळ्यानं झोप येती म्हणून गोळ्या सोडल्या. कळलं तर बोट काढून घेतील म्हणून मला लेकीची शपथ घातली. फीट याची आसली की सकाळपासून हात थरथरतो आन् एकच गोष्ट दोनदा इचारतेत. त्या दिशी म्या स्क्रू उघडत न्हाय."

"पण आज आम्ही समोर उभे होतो की."

"व्हय, दिसत व्हते की तुमी. हात बी दिसत व्हता."

"आणि बोट बाभळींपाशीच कशी थांबते?"

"टाकी काठोकाठ भरली न् स्क्रू बंद ठिवला की तितंवरच जाती. तितं पाणी माझ्या छातीएवढं हाय. म्या उतरून बघितलंय. हे पडलेच तर म्या पोचते. न्हायतर वल्हं मारत माघारी येतेत न् इंजिन चालू हुईस्तोवर काठावर माझ्या नजरेपुढं ऱ्हातेत."

महिला शिपायाचं लिहिणं थांबलं. दारात बोटवाला उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"मला सांगायचं न्हाय व्हय?" तो म्हणाला.

"सांगितलं आसतं तर तुमी स्क्रू बघून गेला आसता."

तो दारातूनच वळला, स्वतः चेअरमनकडे गेला आणि आपलं दुखणं सांगितलं. मिस्त्रीचं नाव आपल्यामुळं खराब झालं, हे त्याला सोसवत नव्हतं. चेअरमन माणूस वाईट नव्हता, पण घाबरला. बोट आता दुसऱ्याला द्यावी लागेल, म्हणाला. तेव्हा ज्याला मी दोन तास पिळलं होतं तो मिस्त्रीच मधे पडला.

"बाईला द्या की. टाकी, नळी, फुगा, समदं तिला कळतंय. दोरी ओढायला म्या शिकवतो."

मी अहवालात लिहिलं : चौकशीअंती कोणाचाही गैरहेतू आढळून आला नाही, अर्ज निकाली. नंतर मिस्त्रीची माफी मागितली. त्यानं माझ्याकडे न बघता इंजिनाशी कानडीत काहीतरी बोलून घेतलं. ते माझ्याबद्दल होतं, एवढं मला समजलं.

आम्हा पोलिसांना समोर माणूस आला की लगेच झाकण उघडायची घाई असते. त्या घाईत किती जणांचं खरं दुखणं माझ्या हातून निसटलं असेल, हा विचार निवृत्तीनंतर फार छळतो. ही शिकवण मला अगदी शेवटच्या नेमणुकीत मिळाली, याची हळहळ आहे.

मागच्या हिवाळ्यात त्या बाजूला गेलो होतो. सकाळची वेळ. बाई इंजिनापाशी बसलेली. संस्थेची जी लाइफ जॅकेटं तोवर उशाला घ्यायच्या कामी येत होती, ती दोघांच्याही अंगात होती. पुढं जाळ्यांपाशी बसलेल्या नवऱ्यानं मागं वळून विचारलं, "स्क्रू उघडला का?"

"तुमी गोळी घेतली का?"

"घेतली."

मग तिनं स्क्रू उघडला आणि दोरी ओढली. मी काठावर उभा राहून बोट बाभळींच्या पुढं जाईपर्यंत बघत राहिलो.