चिखल्या

माझी बायको मला चिखल्या म्हणायची. चारचौघांत नाही. चारचौघांत ‘अवो’. घरात कोणी नसलं की ‘चिखल्या आला का’, ‘चिखल्याला चहा पायजे का’. जसा काय मी तिसराच कोणी.

मी नेऱ्याकडचा, भातशेतीवाला. ती उरणच्या किनाऱ्यावरची, मिठागरात काम करणाऱ्यांची. मी समजायचो, शेतातून पाय भरवून येतो म्हणून म्हणते. मिठागरात काय सतरंजी अंथरलेली असते? पण तिला कोण बोलणार. दारातल्या दगडावर घासून घासून पाय धुवायचो, तरी चिखल्याच. पुढे शेत गेलं. पनवेलात मुलीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. पायाला माती लागायची बंद झाली, तरी चिखल्याच. एकदा म्हटलं, "आता कुठला आलाय चिखल?" ती हसली आणि गॅसकडे वळली.

दवाखान्यात शेवटचं बोलली तेही तेच. डोळे मिटलेले होते. "चिखल्या जेवला का?" जेवलो म्हटलं.

पावसाळ्याच्या आधी गेली. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, रडा, मोकळे व्हा. येत नाही तर काय करू? एकच गोष्ट डोक्यात बसली होती. जाता जाता हिने माझा चिखल काढला. बाई मरताना नवऱ्याला टोमणा मारून जाते का? आणि हे विचारायचं कोणाला? जिला विचारायचं तीच नाही.

थंडीत मुलगी म्हणाली, "बाबा, रविवारी तळ्यावर जाऊ. आईच्या माहेरच्या बाजूला आहे. फ्लेमिंगो आलेत. येताना मावशीकडे पण जाऊ."

चल म्हटलं. नाही म्हणायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं.

तळं म्हणजे पूर्वीची मिठागरंच. बांध फुटले, खाडीचं पाणी आत शिरलं आणि राहिलं. आता संरक्षित म्हणून पाटी लावलीय. आवाज करू नका, कचरा टाकू नका. पलीकडे बंदराच्या क्रेन दिसतात. मधल्या उथळ पाण्यात फ्लेमिंगो उभे होते, शेकड्यांनी. गुलाबी. लोक दुर्बिणी लावून "वॉव, वॉव" करत होते. मुलीने माझ्याही डोळ्याला दुर्बीण लावली. "दिसले का, बाबा?" दिसले म्हटलं. मला काही वाटलं नाही. पक्षी होते, उभे होते.

एक बाई सगळ्यांना माहिती सांगत होती. मी मागे उभा होतो. तेवढ्यात ती मोठ्याने म्हणाली, "अरे, तो बघा चिखल्या!"

मी पायांकडे पाहिलं. चपला स्वच्छ होत्या. तरी तोंडातून गेलं, "काय?"

बाई हसली. "तुम्हाला नाही हो, आजोबा. तो पक्षी. त्याचं नाव चिखल्या."

काठाच्या चिखलावर मुठीएवढा एक पक्षी होता. चिखलाच्याच रंगाचा. चार पावलं पळायचा आणि एकदम थांबायचा. मान खाली घालून बघायचा. काही मिळालं तर चोच मारायचा, नाही तर परत चार पावलं.

"हा कुठला?" मी विचारलं.

"लांबचा आहे. हिमालयाच्या पलीकडून येतो. उन्हाळ्यात परत जातो."

सगळे परत फ्लेमिंगोकडे वळले. मी तिथेच उभा. मुलगी येऊन म्हणाली, "बाबा, दमलात का?" नाही म्हटलं.

तिथून मेहुणीच्या घरी गेलो. बायकोची धाकटी बहीण. बाराव्यानंतर पहिल्यांदाच भेट. चहा समोर ठेवला तशी मी तिला सरळ विचारलं, "तुझी बहीण मला चिखल्या म्हणायची. का म्हणायची?"

ती बघतच राहिली. "भावोजी, तुमाला आजून म्हाईत नाय? एवरा संसार केलाव आन् इचारला नाय?"

"नाय विचारलं. सांग."

"तुमी तिला बघाया आल्ते तवा आमी दोघी मिठाच्या आगराच्या बांधावर होतो. तुमी लांबून येताना दिसलाव. चार पावलां चालाचं, उभं ऱ्हाचं, खाली बघाचं. परत चार पावलां. ती बोलली, आगं, चिखल्या आला बग आपल्याकं! हसून हसून खाली बसली. आन् घरी जाऊन आईला बोलली, मना ह्योच पायजे."

मुलगी हसली आणि मग ओढणीने डोळे पुसायला लागली.

मला तो बांध आठवला. निसरडा होता. पायात नव्या चपला होत्या, त्या भरू नयेत म्हणून मी बघून बघून पाऊल टाकत होतो. त्या दिवशी माझ्या पायाला चिखल नव्हताच.

मेहुणीला म्हटलं, "एकदा म्हण मला तसं."

"नाय भावोजी," ती म्हणाली. "त्यो तिचा शबूद हाय." मग उठली. "जेवणार काय? तांदलाची भाकर हाय, जवला हाय."

रडू तेव्हाही आलं नाही. जेवतो म्हटलं, आणि जेवलो.