नावेतली बॅटरी

आमच्या पत्र्याच्या नावेत मी रेडिओसाठी बॅटरी बसवली आणि तिची सोललेली वायर थेट पत्र्याला टेकवून ठेवली. वीज पाण्यात झिरपत होती, मासे दूर पळत होते आणि मी वैनगंगेला नावं ठेवत होतो.

पवनीच्या घाटावरचा माझा गळ टाकणारा जोडीदार मात्र कुणालाच नावं ठेवत नाही. तो चपला काखेत धरून नावेत बसतो आणि माशांनाही ‘या जी, या’ म्हणतो. त्या दुपारी त्याचे नवे व्याही पहिल्यांदाच जेवायला येणार होते, आणि त्यानं मरळीचा रस्सा कबूल केला होता. ऊन डोक्यावर आलं तरी गळ रिकामाच.

मग तो माझी एकेक वस्तू काठावर नेऊन ठेवू लागला. आधी अत्तर लावलेला रुमाल, मग रेडिओ.

“आता दोघंच राहिले जी, बॅटरी अन् तुमी. तुमाले उतरवनं बरं नाही दिसत. पयले तिलेच उतरवतो.”

बॅटरी उतरली आणि थोड्याच वेळात हातभर मरळ लागली. तिला दोन्ही हातांनी छातीशी धरून तो हसला. मी लगेच म्हणालो, “बघा भाऊ, दोष बॅटरीचा होता, माझा नाही!”

“काहून जी, थे का आपल्या पायानं चढली होती नावेत?”