कडेचा चौकोन

आंबर्डेकर वहिनींचा फोन आला तेव्हा मी काशीगावात एकाच्या मोरीचा उतार बघत होतो. काम सोडून वर्षं झाली, तरी पाणी तुंबलं की लोक मलाच बोलावतात. “मिस्त्री, सर गेले... सकाळी, चहा घेताना,” एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता दीड महिना झाला. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लेख लिहिणं माझं काम नाही. पण हे मीच लिहायला हवं. दुसऱ्याने लिहून चालणार नाही.

आंबर्डेकर सर शाळेत गणित शिकवायचे. रिटायर होऊन जेसल पार्कात आले तेव्हा त्यांच्या घराची फरशी मी बसवली. ते खुर्ची टाकून बघत बसत. माझ्या कामावर कोणी नजर ठेवलेली मला खपत नाही, तसं तोंडावर सांगितलं. तर म्हणाले, चुका नाही काढत, फरश्या मोजतोय. तिथून ओळख वाढली आणि संध्याकाळी खाडीकडच्या बाकावर आमची बैठक सुरू झाली. एकदा त्यांनी कागदावर ओळीने एकोणीस वेळा एक लिहिला. म्हणाले, हा एवढा मोठा आकडा, पण एक आणि तो स्वतः सोडून याला कोणी भागत नाही. मला कळेना, तेव्हा माझ्या भाषेत सांगितलं. “मिस्त्री, एवढ्या फरश्या दिल्या तर एकाच ओळीत लावाव्या लागतील. दोन ओळी करा, हजार करा, चौकोनी खोली काही भरणार नाही.” मी हसलो. चाळीस वर्षं फरश्या लावल्या, असला माल पाहिला नाही. एवढ्या मोठ्या आकड्याला कोणीतरी भागणारच, मी भागून दाखवतो, म्हटलं. कॅल्क्युलेटरवर तो आकडा मावेना. मग सरांनी माझ्या नातीच्या वहीत एकोणीस चौकोन मोजून दोन्हीकडे रेघ मारून दिली. दोन, तीन, पाच त्यांनी तोंडीच निकालात काढले. चौकोनांत एक भरून मी सातने भागायला बसलो.

आठवड्याने बाकावर वही आपटली. सातने भाग गेला होता, बाकी शून्य. सरांनी ओळीवरून बोट फिरवलं, शेवटाला जरा थांबले. आमच्या बैठकीतले शहाभाई म्हणाले, “क्या सर, मिस्त्री ने हरा दिया?” सर म्हणाले, वही घरी नेतो, निवांत बघतो. मी सगळ्यांना पेढे वाटले. सरांनीही खाल्ला.

पुढे वर्षभर मी ते मिरवलं. नवा माणूस बाकावर आला की सांगायचो, मास्तरांना गणितात हरवलंय. सर फक्त मधूनमधून विचारायचे, “मिस्त्री, वही न्यायला कधी येताय?” मी म्हणायचो, राहू दे तुमच्याकडे, आठवण म्हणून. एकदा तर म्हणाले, या, चहा घेऊ, वही बघू... मी गेलो नाही. जिंकलेल्याने कशाला जायचं?

तेराव्यानंतर वहिनींनी वही हातात दिली. मी त्यांच्याच फरशीवर बसून उघडली. माझे एक अठराच होते. आमच्या कामात भिंतीलगतची फरशी कापावी लागते, म्हणून कडेची जागा मोकळी ठेवून आधी पुढचं काम उरकतात. माझ्या हाताने तेच केलं होतं, कडेचा चौकोन सोडला होता. त्या चौकोनात सरांनी एक लिहून ठेवला होता, पेन्सिलीने, अगदी हलका. जन्मभर पोरांच्या वह्यांत लाल शाई चालवलेला माणूस... मी तिथेच पुन्हा सातने भागलं. बाकी एक. मग अकराने, मग तेराने. दर वेळी एकच उरला.

संध्याकाळी बाकावर जाऊन सांगितलं, मी एक कमी लिहिला होता, सर बरोबर होते. शहाभाईंनी सरकून जागा करून दिली. वही आता माझ्या उशाशी असते. तो एक पुसट होत चाललाय. पेनाने गिरवावा असं दोनदा मनात आलं. नाही गिरवला. तो सरांच्या हातचा आहे.